सहाव्या भागातली फिर्याद

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आनंदाबाई नगराळे यांना ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो कालच राहायला आलेला भाडेकरू समजावा. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेली ही बाई अंगानं शेलाटी. पण आवाज असा की भाजीवालीला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला दूधवाला गाडी थांबवतो. परेडच्या मैदानावर घोटलेला हा आवाज निवृत्तीनंतर वाया जाऊ नये, असं बहुतेक विहार समितीला वाटलं असावं. कारण वर्षावासात धम्मग्रंथ वाचायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी त्या पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. त्रिशरण-पंचशील झालं की बुटक्या टेबलापुढच्या आसनावर बसायच्या आणि वाचायला लागायच्या. त्यांच्या आईला अक्षर ओळखू येत नव्हतं. शेवटची काही वर्षं ती पहिल्या रांगेत बसून लेकीचं वाचन ऐकायची आणि घरी जाताना भेटेल त्याला सांगायची, "माह्या पोरीच्या तोंडून ऐकलं का समजते." आई गेली, तरी आसनावर बसलं की आनंदाबाईंना ती समोर बसलेली वाटायची. वर्दीवर लागलेल्या फितीचं त्यांना कधी इतकं अप्रूप नव्हतं, जितकं या आसनाचं होतं.

ही बाईंची एक बाजू. दुसरी बाजू स्वस्त कागदाची होती. नोकरीत असताना, बंदोबस्ताच्या ड्युटीवर एसटी स्टँडवर ताटकळताना त्यांनी एक पुस्तक उचललं होतं. मालिकेचं नाव 'शून्य नंबरची चौकी', एकंदर नऊ भाग. लेखक कोण, कुठला, कुणास ठाऊक. नागपुरात इतवारीच्या मसाला बाजारामागे एक पोलीस चौकी आहे, ती सगळ्यांना दिसत नाही. ज्याची तक्रार खरी, त्यालाच तिचं दार सापडतं. तिथले इन्स्पेक्टर खापरे भुतांचे, चकव्यांचे आणि मंतरलेल्या वस्तूंचे गुन्हे तपासतात. एका भागात एक व्यापारी भूत बाटलीत कोंडून त्याच्याकडून गोदामाची हमाली करून घेतो, तर खापरे त्या व्यापाऱ्यावर किमान वेतन न दिल्याचा गुन्हा लावतात. हे वाचून आनंदाबाई ड्युटीवर एवढ्या हसल्या होत्या की साहेबांनी कारण विचारलं होतं.

आता त्या ही मालिका चौथ्यांदा वाचत होत्या. सून नंदिनी एकदा म्हणाली, "आई, चोर कोण ते तर तुमाले माहीत आहे. मंग परत काऊन वाचता?"

"काल भाजी खाल्ली म्हणून आज उपाशी राह्यते का तू?" आनंदाबाई म्हणाल्या.

हे झालं तोंडावर फेकायचं उत्तर. खरं कारण वेगळं होतं. पहिल्या वाचनात माणूस चोराच्या मागे धावतो, आजूबाजूला पाहायला फुरसत नसते. दुसऱ्यांदा वाचताना आनंदाबाईंना पहिल्या भागातल्या एका कोपऱ्यात लता नावाची शिपाई दिसली. ती चहा आणते आणि निघून जाते, बस. पहिल्या वेळी त्यांनी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. आणि नोकरीची पहिली काही वर्षं स्वतः आनंदाबाईंनी तरी दुसरं काय केलं होतं? चहा, पाणी आणि 'बाई आरोपी आहे, या इकडे'. पुढच्या भागांत ही लता हळूहळू बोलू लागते, भांडू लागते, आणि नवव्यात चौकी तिच्या ताब्यात येते. तेव्हापासून आनंदाबाई लतासाठी वाचायला लागल्या. दर वेळी ती त्यांना थोडी जास्त दिसायची.

भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. घरानं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा अंगारे-धुपारे, देवऋषी, करणी सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं. आनंदाबाई त्यानंतर जन्मल्या आणि त्याच शिस्तीत वाढल्या. शिवाय त्यांनी शवागाराबाहेर पहारे दिले होते. त्या म्हणायच्या, "भूत असतं तं एवढ्या नोकरीत एकदा तरी सही करायले आलं असतं."

तर झालं असं. त्या वर्षीच्या वर्षावासात एका संध्याकाळी वाचन संपलं आणि पावसानं सगळ्यांना विहारातच अडकवलं. बाया बसून बसून कंटाळल्या. आनंदाबाईंच्या पिशवीत पहिला भाग होता, तो कुणाला तरी दिसला आणि "वाचा न जी" सुरू झालं. आनंदाबाईंनी ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवला, आसनावरून उठल्या, सतरंजीवर बायांमध्ये येऊन बसल्या आणि वाचू लागल्या. पाऊस थांबला तरी कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ कोरडं होतं, तरी बाया थांबल्या. मग त्यांच्या लेकी येऊ लागल्या, सुना येऊ लागल्या, कॉलेजात जाणाऱ्या पोट्ट्या मोबाइल पालथे घालून बसू लागल्या. चौकीची गोष्ट ऐकायची तर आधी ग्रंथवाचनाला बसावं लागे, कारण उशिरा आलेल्याला आनंदाबाई चौकीत घेत नसत. ज्या विहारात वाचनाला जेमतेम पहिली रांग भरायची, तिथं चपला ठेवायला जागा पुरेना.

विहार समितीचा अध्यक्ष रत्नदीप ताकसांडे. वीज कंपनीत अभियंता, पन्नाशीचा, सरळ माणूस. विहाराच्या माडीवर त्यानं पोरांसाठी अभ्यासिका काढली होती. कामामुळे त्याला रोज यायला जमत नसे. एका संध्याकाळी तो दारातून डोकावला, गर्दी पाहून हरखला आणि फोटो काढून त्यानं विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तरुण पिढी धम्माकडे वळत आहे. वाचक आनंदाबाई नगराळे यांचे अभिनंदन.' ग्रुपवर निळ्या झेंड्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मग कुणी तरी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बाईंच्या हातातल्या पुस्तकाच्या कव्हरवर हिरवा सांगाडा होता आणि त्याच्या डोक्यावर पोलिसाची टोपी.

समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी बसली. आनंदाबाईंना बोलावणं आलं, त्या गेल्या.

"मावशी, विहारात भुताखेताचं वाचन?" रत्नदीपनं विचारलं.

"भुताचं नाई बापा, पोलिसाचं."

"त्यात भूत आहे का नाई?"

"आहे न. आरोपी म्हणून आहे."

दोघं-तिघं हसले. रत्नदीप हसला नाही. तो म्हणाला, "आपण हे सारं सोडून आलो, मावशी. आपल्या बापजाद्यानं याच्यासाठी मार खाल्ला. अन् आज विहारातच पोट्ट्याइले तेच शिकवून राह्यलो आपण?" समितीनं ठराव केला. येत्या रविवारी सगळ्यांसमोर आनंदाबाईंनी आपली चूक झाली असं सांगावं, पुन्हा असं होणार नाही म्हणावं, की विषय संपला. नाही तर उरलेल्या वर्षावासाचं वाचन मंजुषा मॅडम करतील. मंजुषा मॅडम शाळेत शिकवायच्या, बाई चांगल्या, पण त्यांचं वाचन दुसऱ्या रांगेपर्यंत पोचेपर्यंत दमून जायचं.

घरी नंदिनी म्हणाली, "बोलून टाका न दोन शब्द, आई. काय जाते?"

"मी चुकली नाई अन् चुकली म्हणू? खोटे कबुलीजवाब लय पाह्यले मी ठाण्यात. आता सोताचा देऊ?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. आसन जाणार म्हणजे समोरच्या रांगेतली आईही जाणार, हे त्यांना कळत होतं. बाईंचा राग मोठा होता, पण त्याच्या आत भीती होती.

शुक्रवारी रत्नदीप घरी आला, एकटाच. जयभीम झाला, नंदिनीनं चहा ठेवला. तो बशीत चहा ओतत बसला आणि प्यायलाच नाही.

"मावशी, तुमाले वाटत असन मी हट्टानं करून राह्यलो," तो म्हणाला. "आमच्या आजीचं ऐकलं का कधी तुमी?"

आनंदाबाईंनी ऐकलं नव्हतं. रत्नदीपनं सांगितलं. आजीचं घर गिरडच्या पलीकडं एका खेड्यात होतं. शेजाऱ्याचं लेकरू तापानं गेलं आणि गावानं ठरवलं की आजीनं करणी केली. आधी पाणी बंद, मग बोलणं बंद, मग एक दिवस घरावर दगड. आजी सुनेला घेऊन गाव सोडून वर्ध्याला आली, ती परत गेलीच नाही. भाड्याच्या खोलीत मेली. तेव्हा रत्नदीपचा जन्मही व्हायचा होता.

"ह्या जादूच्या गोष्टीनं आमचं घर उठलं, मावशी. अन् तुमी ते मजा म्हणून वाचून राह्यल्या. घरी वाचा, मी काई म्हणत नाई. फक्त विहारात नोको. रविवारी दोन शब्द बोला. आसन तुमचंच आहे."

ज्या बाईनं दारूड्यांना नुसत्या आवाजानं गटारात बसवलं, ती आपल्याच घरात मान खाली घालून बसली. रत्नदीप गेला, त्याचा चहा तसाच होता. पोराचं दुःख खरं होतं आणि ते त्यांना लागलं. आपण सांगाडे आणि बाटलीतली भुतं घेऊन हसत बसलो, आणि हे त्याच्या घरात घडलेलं. खरंच चुकलं की काय आपलं? निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आनंदाबाईंना स्वतःची बाजू लंगडी वाटली.

शनिवारी दुपारी त्यांनी पुस्तकं आवरायला काढली. ट्रंकेच्या तळाशी टाकून द्यायची, असं जवळजवळ ठरलं होतं. सहावा भाग हातात आला. हा त्यांचा नावडता भाग. पहिल्यांदा वाचला तेव्हा तर त्या लेखकावर चिडल्या होत्या, कारण आख्ख्या पुस्तकात एकही भूत नाही. पुढच्या दोन वाचनांत त्यांनी तो भराभर पानं उलटून संपवला होता. आज हातात आलाच होता, तर पलंगाला टेकून त्यांनी तो उघडला.

गोष्ट अशी की एका गावातले पाच प्रतिष्ठित चौकीत येतात आणि म्हणतात, आमच्या गावात एक म्हातारी करणी करते, तिला अटक करा. खापरेंकडे एक कंदील असतो. जादू असली की त्याची ज्योत निळी होते. ते कंदील घेऊन गावभर फिरतात. म्हातारीचं घर, विहीर, मेलेल्या लेकराची खाट, मसणवटा. ज्योत पिवळीच राहते. शेवटी खापरे कंदील विझवतात आणि म्हणतात, इथं जादू नाही, आपल्या चौकीचं काम संपलं, चला. आणि लता, जिला आतापर्यंत साहेबांसमोर बसायचीही मुभा नव्हती, म्हणते, "नाही साहेब. जादू नाही, पण गुन्हा आहे."

आनंदाबाई उठून बसल्या. हे वाक्य त्यांनी तीन वेळा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा ओलांडून गेल्या होत्या. निळ्या ज्योतीची वाट पाहताना पिवळ्या ज्योतीकडे कोण बघतो? पुढं लता त्या म्हातारीला चौकीत खुर्ची देते, समोर बसते आणि त्या पाच जणांविरुद्ध तिची फिर्याद लिहून घेते. आनंदाबाईंना त्या म्हातारीच्या जागी रत्नदीपची आजी दिसली, सुनेचा हात धरून वर्ध्याच्या वाटेला लागलेली. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी भीती गेली. रत्नदीपचं दुःख खरं होतं, पण त्यानं काढलेला अर्थ चुकीचा होता. त्याच्या आजीला छळणाऱ्यांच्या बाजूनं हे पुस्तक नव्हतंच. ते आजीच्या बाजूनं लिहिलेलं होतं. ट्रंकेत कशाला टाकायचं? त्यांनी सहावा भाग पिशवीत घातला.

रविवारी विहार भरला. काही जण ऐकायला आले होते, काही तमाशा बघायला. अशी गर्दी ओळखायला आनंदाबाईंना बिल्ला लागत नव्हता. रत्नदीपची आई देवकाबाई भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ऐंशीची बाई, गुडघे गेलेले, विहारात यायची, ऐकायची आणि न बोलता घरी जायची. आनंदाबाईंनी त्या दिवशीचा ग्रंथाचा भाग नेहमीसारखा सावकाश वाचला. ग्रंथ गुंडाळला, हात जोडले आणि उभ्या राहिल्या.

"समितीनं मले चूक कबूल करायले सांगतलं," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम चढवला नव्हता, तरी शेवटच्या रांगेतल्या बाया सरळ बसल्या. "मी लय इचार केला. चूक सापडली नाई. म्हून माफी मागणार नाई. आसन समितीचं आहे, समितीनं घ्यावं. पण जायच्या आधी एक भाग राह्यला, तो वाचून जाईन."

त्या सतरंजीवर बसल्या आणि पुस्तक काढलं. रत्नदीप उठला.

"मावशी, थांबा."

"आसन सोडलं न मी. सतरंजीवर बसली. सतरंजीबी समितीची असन तं सांग, फरशीवर बसीन."

कुणी तरी खुसखुसलं. रत्नदीप तसाच उभा राहिला आणि आनंदाबाईंनी वाचायला सुरुवात केली. पाच प्रतिष्ठित, कंदील, विहीर, पिवळी ज्योत. मधला फाफटपसारा गाळत त्या शेवटच्या प्रकरणावर आल्या. मागे बसलेल्या पोट्ट्या पुढं सरकल्या होत्या. खापरेंनी कंदील विझवला, लता म्हणाली, "जादू नाही, पण गुन्हा आहे." तिनं म्हातारीला खुर्ची दिली, कागद ओढला आणि विचारलं, "तुमचं नाव सांगा." म्हातारी गप्प. गावानं तिला इतकी वर्षं एकाच घाण शब्दानं हाक मारली होती की स्वतःचं नाव तिच्या ओठावर यायला वेळ लागत होता. लता पेन धरून थांबून राहिली.

"आनंदा, थांब जरा."

देवकाबाई बोलली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"त्या पोलीस बाईनं तिले खुर्ची देल्ली?" देवकाबाईनं विचारलं.

"देल्ली, देवकाबाई."

"अन् नाव इचारलं?"

"इचारलं."

देवकाबाई खुर्चीत पुढं सरकली. मग म्हणाली, "आमच्या बुढीले कोणी नाई इचारलं. गाव सोडलं तवा आमी सिधे पोलीस ठाण्यावर गेलतो. दिवसभर पायरीवर बसलो. सांजच्याले एक जण आला अन् म्हणे, जादूटोण्याच्या गोष्टी इथी आणू नोका, जा. बुढी मरेपर्यंत म्हणे, माहं लिहून तं घ्यायले पाह्यजे होतं."

रत्नदीपला हे माहीत नव्हतं. त्याच्या घरात सांगितली जायची ती गोष्ट गाव सोडण्यापाशीच संपायची; पायरीवरचा तो दिवस आईनं कधी कुणाला सांगितला नव्हता. तो आईकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा अध्यक्ष कुठल्या कुठं गेला होता.

"पुनाबाई नाव होतं तिचं," देवकाबाई म्हणाली. "तिथी तिचं नाव घेऊन वाच."

आनंदाबाईंनी पाठ ताठ केली आणि परेडचा तो आवाज पूर्ण सोडला. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून उभा राहिला. "फिर्यादीचं नाव, पुनाबाई ताकसांडे," त्यांनी वाचलं. "राहणार, याच गावात. कुणाच्या भीतीनं गाव सोडणार नाही." मग पाच आरोपींची नावं आली, त्यांच्यावर लावलेली कलमं आली, आणि ती संपेपर्यंत विहारात कुणी हललं नाही. रत्नदीप केव्हा खाली बसला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

माणसं उठली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. देवकाबाईला धरून बाहेर नेताना रत्नदीप आनंदाबाईंपाशी थांबला. त्याचे डोळे लाल होते. ठराव मागं घ्यायला बैठक लागते, आणि तो नियमानं चालणारा माणूस होता.

"ठरावातली माफी राह्यली, मावशी," तो म्हणाला.

"राहू दे," आनंदाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला पांढरी साडी नेसून आसनावर जाऊन बसल्या. कुणी अडवलं नाही.